दुपारच्या उघड्या दाराची पायरी

"सुरुंग लागलाऽऽ! घरात व्हा रेऽऽ!"

मित्रांनो, माझ्या दगडी काळजात ही हाक अजून घुमते. केदारखेड्याच्या वाटेवरच्या खडकवाडीतल्या एका घराची मी जुनी पायरी. काळ्या दगडाची, एका कोपऱ्याला टवका उडालेली. त्या टवक्यामुळंच मला घर मिळालं! गावच्या खाणीतले धड दगड ट्रकात बसून शहरांत गेले. मी फुटकी निघाले, म्हणून मुकादमानं मला बाजूला सारलं. खाणीत कामाला असलेल्या काकासाहेबांनी मला बैलगाडीतून आणलं, आठ दिवस टाकी चालवून घडवलं आणि आपल्या दारात बसवलं. त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं, मला हळदीकुंकू वाहिलं आणि ओवी म्हटली:

काळ्या गं दगडाला टाकी देते गोंदण,
धन्याच्या घामानं माझं न्हालं गं अंगण.

खाणीत सुरुंग उडण्याआधी हाक द्यायचं काम काकासाहेबांचं. रोज दुपारी लाल फडकं हलवत ते गावभर धावायचे. हाक आली की जो जिथं असेल, त्यानं जवळचं घर गाठायचं. कुणी कुणाच्या घरात शिरावं, त्याला बंधन नव्हतं. म्हणून खडकवाडीत दुपारी कुणी दाराला कडी लावत नसे. एकदा शेजारची केशरबाई घमेल्यासकट माझ्यावरून आत धावली. नळाच्या पाण्यावरून तिचं नि नंदाबाईचं वर्षभर बोलणं बंद होतं. धडाम्‌दिशी आवाज झाला, पत्र्यावर खडे वाजले. सगळं शांत झालं, तोवर आत दोघींचा चहा उकळत होता!

पुढं खाणीला पाणी लागलं आणि काम थांबलं. माणसं पोटामागं गेली. दोन शेळ्यांच्या मोलात घर देतो म्हटलं, तरी कुणी घेईना. काकासाहेब वारले. त्यांची मुलगी तृप्ती जालन्याला नोकरीला लागली. माझ्यावर शेवाळ चढलं. नंदाबाई मात्र दुपारी दार उघडं टाकूनच बसायची.

मग रस्ता रुंद झाला. खाणीतल्या पाण्याला लोक तळं म्हणू लागले आणि तळ्याकाठच्या घरांना भाव आला.

"आई, घर विकून टाक अन् चल माझ्याकडं. किती दिवस एकटी राहशील?" तृप्ती म्हणाली.

"बरं," नंदाबाई म्हणाली. पण तिचं पाऊल त्या दिवशी माझ्यावर किती जड पडलं, ते मलाच ठाऊक.

गावातलाच मिथुन आता घरांची दलाली करतो. तो गिऱ्हाईक आणू लागला. नंदाबाईनं नऊ लाख सांगितले. गिऱ्हाईक तयार झालं, तर ही म्हणाली बारा. दुसरं बाराला तयार झालं, तर पंधरा. मग अठरा.

"काकू, पंचायतीचा झेंडा बी इतका वर जात न्हाई!" मिथुन कावला.

"दगडाचं घर हाय बाबा, कुडाचं न्हाई."

आईला हाव सुटली, असं तृप्तीला वाटू लागलं. मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी दुपारी जालन्याचे मुकुंदराव आले. नोकरीतून निवृत्त झालेला भला माणूस. सोबत पत्नी रजनीताई होत्या. तृप्तीही मुद्दाम आली होती.

"दार असं सताड उघडं? कुणीही शिरेल की!" रजनीताई म्हणाल्या.

"शिरावंच की," नंदाबाई म्हणाली.

मुकुंदराव घरभर हिंडून आले. "पसंत आहे. अठरा म्हणाला होतात ना?"

"बावीस."

"ठीक. बावीस."

मिथुननं आ वासला. नंदाबाईला पुढचा आकडा सुचेना.

मुकुंदरावांनी माझ्याकडं पाहिलं. "ही पायरी तेवढी काढू. उतार केला की गाडी आत येईल."

मिथुननं इसारपावती पुढं केली. मित्रांनो, घरं विकत घ्या, विका, त्याला माझी ना नाही. पण दारातल्या दगडावरचं शेवाळ कधीतरी घासा, आणि त्यावर बसणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, ते आधी विचारा. मला तोंड असतं, तर मीच विचारलं असतं!

नंदाबाईनं पेन घेतला नाही. ती बाहेर येऊन माझ्यावर टेकली आणि माझ्या फुटक्या कोपऱ्यावर तळवा ठेवून बसली. तृप्ती तिच्याजवळ वाकली.

"आता काय झालं, आई? अजून वाढवायचेत का?"

"न्हाई गं." नंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला विकायचंच न्हाई, तृप्ते. न्हाई म्हणलं तर तुझं मन मोडंल, म्हणून बरं म्हणले अन् भाव वाढवत राह्यले. वाटलं, कंटाळून कुणी यायचंच न्हाई. मला नको नेऊ. तूच यीत जाय. दुपारी दार उघडंच असतंय."