उजवीकडच्या मुंग्या

मुंग्या फक्त खांबाच्या उजव्या बाजूने चढत होत्या. डावीकडे एकही नव्हती. दुर्गाबाईंनी दोनदा नीट पाहिलं आणि दशम्यांची पुरचुंडी खाली ठेवली.

टेंभुर्णीजवळच्या त्या जुन्या मठाचं छप्पर कधीच कोसळलं होतं, संन्यासी जाऊनही शतकं लोटली होती. उरलेल्या एका खांबाशी मात्र दिवाळीपासून मौनीबाबा बसत आणि अखंड बोलत. औरंगाबादेत मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या दुर्गाबाई सुट्टीला माहेरी आल्या होत्या. भावजयीला घेऊन पडका मठ बघायचा, सावलीत जेवायचं, एवढाच त्यांचा बेत. पण त्यांच्या भावाने, कारभारीदादांनी, बैलगाडी सोडली ती थेट बाबांच्या गर्दीपाशी.

भावजय तुळजाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं का, असा कौल दादांनी पाच वेळा लावला होता.

"उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई!" बाबा गरजले. "डाक्टर सुई घालंल, डोळा वाहून जाईल. माझा अंगारा लावा, बराबर उतार पडंल!"

पाण्याच्या दोन वाट्यांत एकेक बुडवून त्यांनी दोन फुलं खांबाला चिकटवली. थोड्या वेळाने डावं पडलं. गर्दीने हात जोडले.

"सहाव्यांदा न्हाई," दादा पुटपुटले. "मंग बघू पुढं."

दुर्गाबाईंनी विचारलं, "बाबा, पाणीच आहे, तर वाट्या दोन कशाला?"

"उजवं तीर्थ अलग, डावं अलग, मास्तरीणबाई! चाखू नका, जीभ झडंल."

दुर्गाबाईंनी उजवी वाटी उचलली.

"वन्सं, हिकडं द्या," तुळजाबाई म्हणाल्या आणि बोट बुडवून चाटलं. बायका मागे सरकल्या.

"गूळ हाय. अन् जुना हाय. डोळे गेलेत माझे, जीभ न्हाई गेली."

बाबांना एकदम आपलं मौन आठवलं.

दुर्गाबाईंनी खांब पुसून, वाट्यांची अदलाबदल करून ताजी फुलं लावली. या वेळी उजवं पडलं.

"देव तोच, दगड तोच," त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. "गुळाच्या पाण्यातलं फूल चिकटून बसतं, साध्या पाण्यातलं वाळून गळतं. मुंग्यांनी कौल लावला नाही, चाखून पाहिलं. आपणही आधी तेवढं करावं."

दादांचा चेहरा उजळला. "म्हंजे आता कौल हो आला की! मंग जायाला हरकत न्हाई."

"कौल ऱ्हाऊ द्या, धनी," तुळजाबाई म्हणाल्या. "डोळे माझे हायेत. सकाळी गाडी जुपा. मी आपरेशन करून घेनार."