टर्बोगुरूचा मणी

बाजाराच्या तळघरात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं खुर्च्यांवर उभी होती, जिन्यावर दाटली होती आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताणलेल्या होत्या. समोर टेबलावर एक जुनापुराणा गेमिंग कॉम्प्युटर आणि शेजारी मण्यांनी भरलेलं ताट. पडद्यावर शर्यतीतली गाडी पळत होती. पळत कसली, ठेचकाळत होती! बेडकासारखी एक उडी, मग थबक. पुन्हा उडी, पुन्हा थबक.

"बघा!" टर्बोगुरू गरजला. काळा टी-शर्ट, गळ्यात हेडफोन, बोटं उघडी टाकणारे हातमोजे, आणि आवाज असा की नरड्यातच भोंगा बसवलाय. "दुकानदार सांगतात, हा म्हातारा झाला, नवं कार्ड घ्या, नवा प्रोसेसर घ्या. ते सांगणारच! मी सांगतो, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा नाही. तो निराश आहे! आतले इलेक्ट्रॉन थकलेत. त्यांना धीर हवाय, धीर!"

इलेक्ट्रॉनांची ही दैना ऐकून पुढच्या रांगेतल्या एकाने खरोखर हळहळून मान हलवली.

गुरूने कॉम्प्युटर बंद केला. कॅबिनेटचं झाकण काढून हरभऱ्याएवढा तांबूस मणी आत चिकटवला, झाकण लावलं, मग दोन्ही हात कॅबिनेटच्या मागे नेऊन डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, गेम लावला, आणि काय आश्चर्य! तीच गाडी, तोच रस्ता, पण आता तेल लावलेल्या पाटावरून घसरावी तशी सुळकन निघाली.

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते पहिल्या रांगेतले एक दणकट म्हातारे. बंदरावर उभी हयात क्रेन चालवलेला माणूस. आणि सगळ्यांत मागे हाताची घडी घालून उभी होती त्यांची लेक. नाक्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासून नंबर काढायची, म्हणून सगळा बाजार तिला चष्मेवाली म्हणायचा.

"बाबा, चला घरी," ती म्हणाली.

"थांब गं. माझा नंबर लागेल आता." वडिलांनी आपला कॉम्प्युटर काखोटीला मारूनच आणला होता.

छातीच्या दुखण्याने क्रेन सुटली, तेव्हापासून त्यांचा जीव एका गेमवर होता. घाटातून ट्रक हाकायचा गेम. बंदरावरचे दोन जुने सोबती आपापल्या घरून त्यात यायचे. हेडफोनवर गप्पा, थट्टा, मनमोकळ्या शिव्या. अलीकडे मात्र कॉम्प्युटर धापा टाकू लागला होता. वळण आलं की ट्रक अडायचा, सोबती थांबायचे आणि वडील म्हणायचे, "तुम्ही व्हा रे पुढे." हे वाक्य शेजारच्या खोलीत चष्मेवालीला रोज ऐकू यायचं.

काय बदलायचं, यावर घरात रोज खल चाले. एक शेजारी म्हणे कार्ड बदल, दुसरा म्हणे रॅम वाढव, तिसरा म्हणे भंगारात घाल. जिथे दहा सल्ले, तिथे अकरावा भोंदू हटकून येतो. गुरूकडे एकच उत्तर होतं, आणि ते बोटांच्या चिमटीत मावत होतं.

गुरूने पैसे घेऊन वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये मणी बसवला आणि वर कॅबिनेटच्या हवा खेळवणाऱ्या जाळ्यांवर चिकटपट्टी मारली. "आतली ऊर्जा बाहेर सांडता कामा नये!"

घरी आल्यावर वडील हरखले. "बघ, बघ कसा उधळलाय!"

उधळलेला घोडा थोड्याच वेळात गरम होऊन आपोआप बंद पडला. मग रोजच पडू लागला. गुरूला फोन केला, तर तो म्हणाला, "एकटा मणी उदास होतो. जोडी लागते." वडिलांनी दुसरा मणी आणला. एवढंच नाही, सोबत्यांनाही गळ घालून एकेक घ्यायला लावला.

चष्मेवाली दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायची, "आता बरं की आधी बरं?" कधी मुद्दाम तेच भिंग पुन्हा लावायची. पुष्कळ लोक सांगत, आता लखलखीत दिसतंय! खोटं बोलत नसत बिचारे. त्यांना दिसायचंच तसं.

एका दुपारी वडील अंघोळीला गेले, तेव्हा तिने दोन्ही मणी काढून मुठीत ठेवले. वडील येऊन बसले, ट्रक सुरू केला.

"आज तर विचारूच नकोस! जोडीचा गुण आला बघ."

तिने मूठ उघडली.

वडिलांनी मण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानापर्यंत लाल झाले. "बापाची परीक्षा घेतेस?"

"तुमची नाही बाबा, मण्याची."

"एकच ते! मी वेडा आहे, असंच म्हणायचंय ना तुला? मग तळघरातली ती गाडी? ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळते. तोही माझाच भास का? एवढी शहाणी आहेस तर त्याच्या तोंडावर जाऊन सांग!"

गाडी खरंच पळत होती. तिने स्वतः पाहिलं होतं.

गुरूच्या पुढच्या खेळाला ती वडिलांच्याही आधी गेली आणि समोर न बसता भिंतीकडच्या काचेच्या कपाटाशी उभी राहिली. गर्दी पडद्याकडे बघत होती. ती काचेत बघत होती. काचेत कॅबिनेटची पाठ स्वच्छ दिसत होती. मणी चिकटवून झाला, गुरूचे हात मागे गेले, डोळे मिटले, ओठ पुटपुटले, आणि बोटांनी मॉनिटरची केबल वरच्या खाचेतून उपटून खालच्या खाचेत खोचली.

"अहो गुरू," ती मोठ्याने म्हणाली, "एकदा मागे हात न नेता करून दाखवा."

गुरू हसला. "प्रवाह जोडावा लागतो, ताई."

"मणी तर आत चिकटवला. मग मागे काय जोडता?"

"शंकेखोर लहरी!" गुरूने हात झटकले. "शंका घेणारा जवळ असेल, तर मणी रुसतो!"

"मग लोकांना घरी नेण्यासाठी विकता कशाला? घरोघरी एक तरी शंकेखोर असतोच."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण बाकीचे खवळले. "ए चष्मेवाली, आम्ही येतो का तुझ्या दुकानात भिंगं तपासायला?" "बाहेर काढा तिला!" एका आडदांड माणसाने तिचं कोपर धरलं.

"हात काढ." वडील गर्दीतून पुढे आले. त्यांची मुद्रा अजून कडूच होती. "ती खोटी ठरली तर मी स्वतः तिला बाहेर नेईन. बोल, काय करायचं?"

"मॉनिटरची केबल कुठे आहे, बघा."

वडील वाकले. "खालच्या खाचेत. वर तसलीच एक रिकामी आहे."

"केबल तशीच असू द्या. मणी काढून खिशात टाका आणि गेम लावा."

गुरू आडवा आला, पण क्रेन चालवलेल्या त्या देहापुढे त्याचं काही चालेना. मणी निघाला. गेम लागला. गाडी सुळकन पळाली.

"आता बंद करून केबल वरच्या खाचेत घाला. आणि मणी? त्यांच्या ताटातले मूठभर टाका आत!"

मूठभर मणी आत गेले. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली.

वडिलांनी ताडकन मान वर केली. लेकीकडे नाही, गुरूकडे पाहिलं.

"या डब्यात चित्रं काढणारे दोन गडी आहेत," चष्मेवाली गर्दीला म्हणाली. "एक साधा, चिठ्ठीचपाटी टाइप करण्यापुरता. त्याची खाच वर. दुसरा पहिलवान, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याची खाच खाली. याच्या डब्यात केबल ज्याच्या खाचेत, काम त्याच्या गळ्यात. हा आधी किरकोळ गड्याला पळवतो आणि मग गुपचूप पहिलवानाला उतरवतो. मंत्र कसला नि मणी कसला!"

"पण माझा घरचा खरंच सुधारला!" एक जण तिच्यावर ओरडला.

"मणी बसवताना त्याने आतली धूळ उडवली होती?"

"हो... ढीगभर निघाली."

"मग त्या फुंकरीला श्रेय द्या."

"तुला काय मिळालं आमचा विरस करून?" तो रागाने म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. अशी माणसंही असतात. खिसा कापल्याचा त्यांना राग येत नाही, दाखवून दिल्याचा येतो.

गुरू ताट आवरत किंचाळला, "तुमचे इलेक्ट्रॉन तुम्हाला माफ करणार नाहीत!" पण लोकांनी जिना अडवला होता. ज्याचे पैसे त्याला परत केल्यावरच तो वर चढू शकला.

घरी आल्या आल्या वडिलांनी जाळ्यांवरची चिकटपट्टी फाडून काढली आणि धूळ झटकली. लेकीने ट्रकचा गेम लावला आणि शेजारी कॉम्प्युटरचीच एक खिडकी उघडली. कुठला भाग किती राबतोय, ते त्यात दिसतं. ग्राफिक्स कार्ड अर्धं रिकामं बसलं होतं. रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची जागा, मात्र काठोकाठ भरली होती.

"म्हणजे नवं कार्ड घेतलं असतं तर?"

"पाण्यात गेलं असतं."

त्यांनी जुळणारी रॅमची एक पट्टी आणून बसवली. ट्रक घाट चढू लागला. शहरातल्या गर्दीत अजून मधूनच अडखळायचा, आणि लेकीने तेही लपवलं नाही. "इथे एवढंच होणार, बाबा. याहून हवं असेल तर पुढे कार्ड बदलू."

वडिलांनी हेडफोन चढवला. सोबत्यांना काय सांगायचं ते जड जात होतं, पण बोलले. "अरे ऐका. मणी काढून फेका. मी फसलो आणि तुम्हालाही फसवलं. तुमचे डबे घेऊन या घरी, तेही उघडून बघू."

पलीकडून आलेल्या शिव्या त्यांनी मुकाट ऐकून घेतल्या.

लोकहो, यंत्र असो की शरीर, आधी कुठे दुखतंय ते बघा, मगच औषध घ्या. तेही विकणाऱ्याचे हात त्यावर नसताना पारखून घ्या. पारखलं म्हणून खऱ्या औषधाचा गुण कधी जात नाही. आणि कोणी म्हणालं, शंका घेऊ नका, तर तिथून पाय काढा. ज्याला प्रश्न चालत नाही, त्याचा माल चालत नाही.