सोमवारची माळ

सासूबाईंशी पैज लावू नकोस, हे माझ्या आईनं मला शिरोड्याहून निघताना सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं ते भलतंच: मीठ बेतानं घाल, दुपारी झोपू नकोस आणि सासरच्या मांजराला लाथ मारू नकोस. ही तिन्ही व्रतं मी सहा वर्षं पाळली. पैज मात्र लावून बसले.

भांडण होतं पडवीच्या टोकाच्या खोलीचं. लग्न होऊन मी मिठबावला आले तेव्हा त्या खोलीत नारळ, गोणपाटं आणि एक पाय मोडलेली खुर्ची होती. मी नारळ हलवले, खुर्चीला पाय लावला आणि तिथं दागिने करायला बसले. करवंटी, शिंपले, भरतीबरोबर आलेली गुळगुळीत काच, फाटक्या जाळ्याचे तुकडे, जुन्या होडीवरचे रंगाचे पापुद्रे, जे हाताला लागेल ते मला चालतं. पण माझा खरा जीव माशांच्या मणक्यांवर. मोरीचा, म्हणजे लहान शार्क माशाचा, मणका जेवताना आपण ताटाच्या कडेला काढतो आणि मांजराला टाकतो. तोच उकळून, ब्रशनं घासून, लिंबाच्या पाण्यात ठेवून, चार दिवस ऊन दाखवून पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला की असा पांढरा मणी निघतो की सोनारानं मान खाली घालावी. मणके मला माझी मैत्रीण वजीरा देते. तिच्या घरचा मासळीचा धंदा. हॉटेलांना तुकडे पाठवून झाले की उरलेले सांगाडे ती माझ्यासाठी डब्यात ठेवते आणि मधूनमधून माझ्याकडून कानातलं उकळते.

या खोलीला मी स्टुडिओ म्हणते. सासूबाई, म्हणजे आमच्या यशोदाबाई (मी त्यांना आई म्हणते), तिला ‘तुझी भंगाराची खोली’ म्हणतात. नवरा दीपेश काहीच म्हणत नाही. तो आंब्याच्या कलमांत असतो आणि आम्हा दोघींच्या मध्ये कधी येत नाही, म्हणून त्याची तब्येत चांगली आहे.

गेल्या दिवाळीत शेजारच्यांनी पर्यटकांना भाड्यानं द्यायला एका खोलीला एसी लावला आणि बाहेर ‘समुद्र दिसतो’ अशी पाटी ठोकली. तेव्हापासून आईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, शेजारच्यांची म्हैस दिसते. पण आईंचं म्हणणं, पर्यटकांना म्हैसही चालते.

"माझे दागिनेपण पर्यटक घेतत," मी म्हटलं.

"पर्यटकांचा माका सांगू नको. ते आमच्या बावीचोय फोटो काढतत," आई विहिरीकडं हात करून म्हणाल्या. "आपल्या गावची एक बाई तुझी वस्तू पैसे देवन घेवंदे आणि चार माणसांत घालून फिरांदे. शिमग्याआधी. तसा झाला तर खोली तुझी. नाय तर एसी."

मी हो म्हटलं. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं.

दुसऱ्या दिवसापासून मला गावच्या बायका नव्यानं कळायला लागल्या. एकजण म्हणाली, छान आहे, पण घरात सोनं असताना काटे कशाला घालू. दुसरीनं माळ गळ्याला लावून आरशात बघितलं, ‘मोरी’ हा शब्द ऐकला आणि इतक्या झटकन काढली की दोरा तुटला. तिसरीनं फुकट मागितली. ही खोली गेली तर मी कुठं बसणार, हा विचार मला रात्रंदिवस छळायला लागला. स्वयंपाकघरात बसून कुणी मणके घासू देत नाही. आणि दागिने करायचे सोडले तर मी नुसती मीठ बेतानं घालणारी सून उरणार होते. ते मला नको होतं.

अशात एका शुक्रवारी कढीपत्ता मागायला लक्ष्मीकाकी आल्या.

लक्ष्मीकाकी म्हणजे आमच्या वाडीची देवभक्ती. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी या दिवशी त्या मासळीकडे ढुंकून बघत नाहीत. उरलेल्या दिवसांत काय करतात ते न विचारलेलं बरं. काकींचा शब्द वाडीत चालतो आणि देवळातही चालतो. त्यांनी कुणाविरुद्ध देवापुढं गाऱ्हाणं घातलं तर त्या माणसाची गाय आटते असं बोलतात. मी गाय पाळत नाही, तरी घाबरते.

काकी कढीपत्ता घेऊन निघाल्या आणि माझ्या खिडकीशी थांबल्या. खिळ्यावर नवी माळ टांगलेली होती. मोरीचे तेवीस मणके, मध्ये करवंटीच्या काळ्या चकत्या, खाली पितळेचा एक छोटा घुंगरू. काकींनी ती हातात घेतली, उजेडाला धरली, अंगठ्यानं दाबून बघितली.

"हेचा काय घेतलंस?"

मी आकडा सांगितला. त्यांनी घासाघीस केली, मी थोडं सोडलं. मग त्यांनी विचारलं, "बरी आसा. कसली गो?"

आता इथं शहाण्या माणसानं खरं सांगितलं असतं. माझ्या डोळ्यांपुढं तो तुटलेला दोरा आला.

"समुद्रातली आसा, काकी. हातान केलेली."

एक अक्षर खोटं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी पैसे घेतले आणि काकी गेल्यावर खोलीतल्या खोलीत एक गिरकी मारली.

गिरकी सोमवारपर्यंत टिकली. सोमवारी देवळाच्या सभामंडपात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाडीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. आणि काकी आल्या त्या हिरव्या लुगड्यावर माझी माळ घालून, थेट गाभाऱ्याच्या दारात. शंकराला हात जोडताना घुंगरू वाजला.

सोमवारी जी बाई कोळंबीच्या सालीवरून चालत नाही, तिच्या गळ्यात मी तेवीस तुकड्यांची मोरी घालून तिला देवापुढं उभी केली होती. बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी म्हणे हस्तिदंत, कुणी म्हणे मुंबईहून आणली. काकी हसत होत्या आणि तिळगूळ वाटत होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं की प्रत्येक बाई वळून माझ्याकडंच बघते आहे.

बघत होत्या त्या एकट्या आई. त्यांनी मला दंडाला धरून खांबामागं नेलं.

"तिच्या गळ्यात काय आसा?"

"माझी माळ. पैसे देवन घेतली. चार माणसांत घातली. खोली माझी."

"तिका म्हायत आसा ती कसली ता?"

मी नखानं खांबावरचा रंग खरवडायला लागले. आईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"फसवून इकलेला धरूचा नाय. तिका सांग. माझ्यासमोर सांग. ऐकान सुदीक तिना ती ठेवली, तर खोली तुझी. फेकून दिली तर एसी. आणि ती गाऱ्हाणा घालूक लागली तर मी तुका ओळखणंय नाय."

"आताच सांगतंय," मी म्हटलं. एकदाचं होऊन जाऊ दे असं वाटत होतं.

"आता?" आईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आज सोमवार. देवळात उभी रवान त्येचा नाव काढतंस? उद्या."

म्हणजे पाप आजचं, पण सोमवारी मासळीचं नाव घ्यायचं नाही म्हणून कबुली उद्या. ती अख्खी संध्याकाळ मी कामात काढली. हाताला काहीच साधलं नाही, दोन मणके फुटले. दीपेशला सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुझी खोली गेली तर माका वाईट वाटात गो." नवऱ्याचा एवढाच उपयोग झाला, पण झाला.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी काकींच्या घरी गेलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत. काकी मागीलदारी विळीवर बसून बांगडे कापत होत्या. माळ वर खुंटीला लावलेली होती.

"येवा. बसा," काकी म्हणाल्या. "चाय ठेवतंय."

"चाय नको," आई म्हणाल्या. "अनुजाक काय तरी सांगूचा आसा."

मी पाटावर बसले, परत उठले. उभ्यानं सांगितलं तर पळता येईल असा विचार होता. "काकी, ती माळ... ते मणी न्हयत. ते मोरीचे मणके आसत. माका तेवाच सांगूचा होता. तुमी घेवच्या नाय म्हणान सांगलंय नाय. माझा चुकला."

काकींनी बांगड्याचं डोकं उडवलं, ते मांजरापुढं टाकलं आणि पुढचा बांगडा घेतला.

"एक मोरीचो न्हय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेवीस आसत. बावीस मोरीचे. घुंगराच्या उजवेक जो तिसरो आसा, तो तांबोशीचो. तू घासलंस बरो, पण कड लपणा नाय. तुका मणके देता तिका इचार."

मी खुंटीवरून माळ काढली. उजव्या बाजूचा तिसरा मणी, तांबोशी या भलत्याच माशाचा, बोटांत फिरवला. त्याची कड जराशी खरखरीत होती. सहा वर्षं मी हे मणके घासते आहे आणि मला ते कळलं नव्हतं.

"म्हणजे तुमका पयल्यापासून म्हायत होता?" आईंनी विचारलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"यशोदा, साठ वर्सा मोरी खातंय मी. ती साडी नेसान इली तरी माका वळाखता." काकींनी हात धुतले, पदराला पुसले. "हिना समुद्रातली म्हणान सांगल्यान, मी गप रवलंय. पोर इतक्या कष्टान लपयता, तिचो हिरमोड कित्याक करू?"

"पण काकी, सोमवारी? देवळात?" मी विचारलं.

काकींनी माझ्या हातातून माळ घेतली आणि गळ्यात घातली. मग इतक्या हळू बोलल्या की आम्हा दोघींना पुढं वाकावं लागलं.

"आठवड्यातले तीन दिवस उपास. एकादशी धरलास तर जास्तच. त्या दिवसांनी जीव कसो कासावीस होता ता माका म्हायत. तोंडात घालूचा नाय, असा शास्त्र आसा. गळ्यात घालूचा नाय, असा खंयच्या पोथीत लिवलेला नाय. सोमवारी मोरी जवळ आसली की माका बरा वाटता. गुरुवारसाठी आणिक एक कर. कोलंबीचा काय जमता काय बघ."

मला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. या बाईनं माझा मणी पहिल्या नजरेत ओळखला होता, त्याचं मोल केलं होतं आणि मुद्दाम देवापुढं मिरवला होता. आजवर एकाही पर्यटकानं माझं काम असं वाचलं नव्हतं. मी वाकून काकींच्या पाया पडले, तेव्हा बांगड्याचे दोन खवले माझ्या कपाळाला चिकटले.

परतताना आई पुढं आणि मी मागं. पैज हरलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो, म्हणून मी चार पावलं अंतर ठेवून चालले. आमच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, आल्यावर त्या थांबल्या.

"माका एक माळ करून दी."

"मोरीची?"

"मोरी लक्ष्मी घालता," आई म्हणाल्या. "आमचा घर काय मोरीवर रवलेला नाय. माका इसवणीची होयी. आणि तिच्यापरीस लांब."

इसवण म्हणजे सुरमई. घरी आली तर सणाला येते, आणि त्यातही शेपटीकडचे चांगले मणके पाच-सहाच निघतात.

"आई, इसवणीचे इतके मणके जमूक खूप दिवस लागतले."

"लागांदे. माझी माळ पुरी होयसर त्या खोलीक कोण हात लावणा नाय. मगे एसीचा बघू."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात तेव्हाच ठरवलं की ही माळ पुरी व्हायला निदान वीस वर्षं तरी लागली पाहिजेत.