ताईची मापे, मामाचे कुलूप

मामाला या सगळ्यात एकच फायदा होणार होता: दर रविवारी दुपारी, ऐन डोळा लागतानाच येणारा थोरल्या बहिणीचा फोन बंद होणार होता. त्यात जाणार काय, हे त्याने मोजले नाही. मी मोजले. मोजण्यावाचून मला दुसरे येतेच काय?

मित्रांनो, मी शिवणाच्या खोलीतला जुना संगणक आहे. एका दुकानदाराने तीन खोक्यांतले सुटे भाग जोडून मला उभे केले. उमेदीची सहा वर्षे मी एका वकिलाच्या कचेरीत काढली. तिथे मला रोज मऊ फडक्याने पुसत, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. मग एक नवा, चपटा संगणक आला आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. वर्षभर धुळीखेरीज कुणी माझी विचारपूस केली नाही.

तिथून मला मामाने उतरवले आणि आपल्या बहिणीकडे आणले. ताई कपडे शिवते. तिच्या मुलीचा मामा म्हणून त्याला सगळी गल्लीच मामा म्हणते, मीही म्हणतो. ताईच्या फाटक्या वहीतली सगळी मापे त्याने स्वतः माझ्यात उतरवली. जीव लावून केले, खोटे कशाला बोलू? पण ताई माझ्या कळफलकावरच कापड पसरते. एकदा तिचे कोपर टेकले आणि अठ्ठावीस गिऱ्हाइकांच्या कंबरा नाहीशा झाल्या. ‘हरवलेलं शोधून दे’ म्हणणारे रविवारचे फोन तेव्हापासूनचे.

शेवटी मामाने मापांच्या फोल्डरला ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण केली, ताबा स्वतःच्या नावावर ठेवला आणि कुणाला काही न सांगता चहा पिऊन गेला. आता कोपर टेका नाहीतर डोके टेका, काही पुसले जाणार नव्हते. काही लिहिलेही जाणार नव्हते, एवढेच तो विसरला.

त्याच महिन्यात गायनमंडळाचे सोळा निळे कोट शिवायचे काम ताईकडे आले. मामाही त्याच मंडळात गातो. अकरा वर्षे पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला. ताईने सगळ्यांची मापे नव्याने घेतली आणि माझ्यात भरली. मी म्हणालो, ‘ही फाइल फक्त वाचण्यासाठी आहे. दुसऱ्या नावाने जतन करा.’ ताईला वाटले, मी रुसलो. तिने माझ्या पाठीत दोन थापट्या घातल्या आणि दुसरे नाव दिले. ती फाइल दुसरीकडेच जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ताईने सवयीने जुनीच उघडली, थोडी सुधारली, पुन्हा नवे नाव दिले. आठवड्याभरात माझ्या पोटात ‘मापं नवी’, ‘मापं नवी पक्की’, ‘मापं हीच घ्यायची’ अशा नऊ फाइली झाल्या. प्रत्येकीत थोडे खरे, थोडे जुने.

पहिला कोट बसच्या ड्रायव्हरकाकांचा. ताईने चुकीच्या फाइलीतून छाती अडतीस वाचली आणि कापड कापले. कोट अंगावर चढला तेव्हा गुंडी आणि काज लांबून एकमेकांकडे बघत राहिले.

“ताई, कोट माझाच ना?” काकांनी श्वास रोखून विचारले. “की माझ्या लग्नाच्या वेळचा?”

ताई हसली नाही. कापड मोजून सोळा कोटांचे होते, ताग्याचा शेवट होता आणि दुकानात त्या निळ्याची चिंधीही उरली नव्हती. कार्यक्रम नऊ दिवसांवर. तिने फोन उचलला.

“अरे, तुझं यंत्र माझं ऐकत नाही.”

“फोल्डरवर उजवं बटण दाब. खाली प्रॉपर्टीज. रीड-ओन्लीसमोर खूण आहे?”

“आहे. मी नाही केली.”

पलीकडून मामा म्हणाला, “मी केली. काढून टाक.”

ताईने काढली. पण ताबा मामाचा, म्हणून मला ‘परवानगी नाही’ असेच म्हणावे लागले.

“माझ्या मापांना तुझी परवानगी?” ताई कडाडली. “जन्मलास तेव्हा तुझी झबली कुणी शिवली रे?”

मामा अर्ध्या तासात हजर. मान खाली घालून माझ्यासमोर बसला, स्वतःच्या नावाने आत शिरला, खूण काढली, ताईच्या नावापुढे पूर्ण ताबा लिहिला आणि आतल्या सगळ्या फाइलींना तो लागू केला. मग दोघांनी नऊ फाइली शेजारी ठेवल्या आणि शंका आली त्या गायकाला बोलावून टेपने खरे-खोटे केले. ताईने काकांच्या छातीपुढे बेचाळीस लिहून जतन केले. मी चकार शब्द काढला नाही.

पण कापड काही जतन करून वाढत नाही, आणि अडतिसाचा कोट मंडळात दुसऱ्या कुणालाही बसणारा नव्हता. उरले ते पंधरा कोटांचे, आणि शिवायचे होते सोळा. ताईकडे घरच्या माणसाचा कपडा नेहमी शेवटी कापला जातो. मामाने यादी वरून खालपर्यंत वाचली. तळाला त्याचेच नाव होते.

“माझा राहू दे.”

“वेडा आहेस का? कोटाशिवाय रांगेत घेतील तुला?”

“नाही घेणार. पेटीवाल्या बाईंची पानं उलटीन. त्यांना कुणीतरी हवंच आहे.”

ताईने कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. “चहा टाकते,” एवढेच म्हणाली.

मित्रांनो, कुणाची वस्तू जपण्यासाठी कुलूप लावाल, तर किल्ली आधी तिच्या धन्याच्या हातात द्या. आणि माझ्यासारखे म्हातारे यंत्र ‘नाही’ म्हणाले, तर थापट्या घालण्याआधी ते काय म्हणते ते एकदा वाचा.

कार्यक्रमाचा फोटो ताईने स्वतःच माझ्यात ठेवला. पंधरा निळे कोट ताठ उभे आहेत, बाजूला पांढऱ्या सदऱ्यात एक माणूस पान धरून वाकला आहे. काकांच्या सगळ्या गुंड्या लागल्या. मंडळाला टाळ्या मिळाल्या. ताईचे एका कोटाचे कापड गेले, आणि मामाची अकरा वर्षांची जागा.