चाकांना आवतण

आमच्या गोठ्यात चैत्रापासून स्पोर्ट्‌स कार उभी असते. लाल, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की कोंबडीला टपावर चढायला फारसा विचार करावा लागत नाही. माझ्या नवऱ्याने, अविनाशने, ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. त्यांची कंबर धरली होती. मोताळ्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि तिथून गावापर्यंतच्या रस्त्यावर या गाडीला सायकलसुद्धा मागे टाकता येत नाही. पण हौसेला मोल नसतं.

गोठा रिकामा होता म्हणून ती तिथे आली. महिनाभर आधीच बैलजोडी विकली होती. माझ्या सासऱ्यांचे, हिंमतराव मामाजींचे, गुडघे गेले होते आणि शेतीचं सगळं काम ट्रॅक्टरवर आलं होतं. मामाजी स्वतःच "ईक" म्हणाले. अविनाशने विकली. तेव्हापासून मामाजी त्याच्यासोबत जेवत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. फक्त त्यांचं ताट ओसरीवर, गोठ्याकडे पाठ करून, आणि अविनाशचं आत टीव्हीसमोर. मी दोनदा वाढते, दोनदा भाकरी गरम करते, आणि एकाने दुसऱ्याबद्दल काय म्हटलं हे दोघांनाही माझ्याकडूनच हवं असतं. मला याचा मनापासून वीट आला होता. निदान पोळ्याला तरी बापलेक एकत्र जेवावेत, एवढंच माझं मागणं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अविनाशचे नवे टायर आले.

साधे टायर नव्हेत. वेगाने वळण घेतानाही रस्ता सोडत नाहीत, असे. त्याने मला त्यांच्या नक्षीचा फोटो आधीच तीनचारदा दाखवला होता. आमच्या साखरपुड्याचा अल्बम त्याने एकदाच पाहिला आहे. मोताळ्याचा मोईज ट्रॅक्टरचे टायर बसवतो. गाडी इतकी खाली, की त्याचा जॅक आत जाईना. आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मग मागची. संध्याकाळपर्यंत काम झालं.

"अविनाशभाऊ, खतरनाक रबर हाये," मोईज म्हणाला. "रस्त्याले गोचिडावानी चिकटते. फक्त पह्यले दोनक दिवस हळू चालवजा. नव्या टायरवर चिकनाई राह्यते."

"हाव," अविनाश म्हणाला. त्याने फक्त गोचीड ऐकली होती.

गाडी गोठ्यात लावून तो पुन्हा दुकानात गेला. गल्लीत घरोघरी खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांना उद्याच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं, अशी रीत आहे. दरवर्षी हे मामाजी करायचे. यंदा ते ओसरीवर नुसते बसले होते. मला बघवेना, म्हणून मी आत जाऊन डाळ निवडत बसले. रात्री तुपाची बरणी शोधली, सापडली नाही. मांजराला चार शिव्या देऊन झोपले.

सकाळी उजाडायच्या आत अविनाशने मला उठवलं. राजूर घाटात टायरांची ट्रायल घ्यायची होती.

"तू बी चाल. दोघांचं वजन पायजे."

लग्नानंतर त्याने मला फिरायला चल म्हटल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून गेले.

फाटकाबाहेर लगेच सिमेंटचा चढ आहे. अविनाशने पाय दाबला. गाडी वाघासारखी गुरगुरली, मागची चाकं गरगरा फिरली, आणि आम्ही तिथेच. त्याने आणखी दाबला. धूर निघाला. धुराला शिऱ्याचा वास होता.

"काही शिजून राह्यलं का?" मी विचारलं.

त्याने पाय काढला. गाडी हळूहळू मागे घसरू लागली. ब्रेक लावूनही ती थांबली नाही. सावकाश, मानाने, ती तिरकी होत शेजारच्या कोकिळाकाकूंच्या उकिरड्यात जाऊन बसली.

अविनाशने फोनवर मोईजचा उद्धार केला. तोंड न धुता मोईज स्कूटरवर आला, वाकला, चाकावरून बोट फिरवून त्याने वास घेतला.

"तूप हाये," तो म्हणाला. "गावरान. हळद बी हाये." मग बोट पँटला पुसत म्हणाला, "म्या नाई लावलं."

"म्या लावलं," मागून आवाज आला. मामाजी काठी टेकत फाटकापर्यंत आले होते.

अविनाशचे कान लाल झाले. "काऊन, बाबा?"

"खांदशेकणी होती काल. गाडीले खांदे नाईत. मंग जिथं जोर पडते तिथं लावलं." त्यांनी गाडीकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "आवतण बी देल्लं. गोठ्यात दुसरं कोन होतं?"

अविनाश ओरडणार होता. मी त्याच्यासोबत नांदले आहे, मला कळतं. पण तो आत गेला आणि धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन आला. मोईजने मदतीला हात पुढे केला, तर त्याला बाजूला केलं. चारही चाकं त्याने एकट्याने घासली. घासताना तो रडत होता आणि पाणी उडतंय असं दाखवत होता. मीही रडले, मला काही लपवायचं नव्हतं.

संध्याकाळी वेशीवरच्या तोरणाखाली सगळ्यांचे बैल आले, आमच्या घरून गाडी गेली. मामाजी पुढे काठी टेकत चालत होते, मागे जिल्ह्यातले सगळ्यात वेगवान टायर त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने. लोक हसले. मामाजी हसले नाहीत, म्हणून लोक हसायचे थांबले.

घरी मी गाडीला ओवाळलं. मामाजींनी पुरणपोळीचं ताट गाडीपुढे ठेवलं आणि रीतीप्रमाणे थोडा वेळ वाट पाहिली. गाडी जेवली नाही.

"अविनाश," ते म्हणाले, "ये, बस. देल्लेलं आवतण वाया जाऊ नाई."

अविनाश गोठ्यातच मांडी घालून बसला. मामाजींना मांडी घालता येत नाही. ते पाय लांब करून नव्या टायरला टेकले आणि त्यांनी त्याच ताटातली पोळी मोडली.

"रुपाली, तूप वाढ," ते मला म्हणाले.

तूप कुठलं? सगळं चाकांना गेलं होतं. दोघांनी पोळी कोरडीच खाल्ली.