दोन खाचा पुढे

"वहिनी, बास झालं. ही गाडी आता विका," धर्मेशकाका म्हणाला. त्याचे दोन्ही हात अजून डॅशबोर्डवरच होते. आईने ब्रेक दाबल्यावर आमची गाडी डावीकडे ओढली गेली होती आणि चाक गटारापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

"उद्या कोणाला तरी उडवाल. कॅम्प तीनचा अल्पेश भंगारवाला रविवारी येतोय. मी सांगून ठेवलंय त्याला."

"मला न विचारता, भावजी?"

"आत्ता विचारतोय ना!"

मी मागून म्हटलं, "काका, आधी काय बिघडलंय ते तरी बघू."

"तू तुझी दहावी बघ, प्रगती."

काकाला वाटतं, गाडी म्हणजे पप्पांची आठवण, म्हणून आई सोडत नाही. अर्धंच खरं आहे ते. दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले तेव्हा आमचं अख्खं सोनिवली गाव हेच सांगत होतं, विका. आईने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी महिन्याभरात गाडी शिकून घेतली. रोज सकाळी सहाला ती निघते, वाटेत बुवापाड्यातून रखमामावशी आणि आणखी दोघींना घेते आणि अंबरनाथ एमआयडीसीत सातच्या ठोक्याला चौघी पॅकिंगला उभ्या. रिक्षावाल्याची मिनतवारी नाही, कोणाच्या मांडीला मांडी लावून बसणं नाही. गाडी गेली की चौघींचं हे सगळं जाणार होतं.

गॅरेजवाल्याने तर चाक न खोलताच निकाल दिला होता, "सगळी सिस्टिम बदला, मॅडम." मी मनात म्हटलं, थांब!

शनिवारी शाळा लवकर सुटली, आईही दुपारीच गाडी घेऊन कामावरून परतली. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला. पप्पांसाठी टॉर्च धरून धरून मला हे सगळं पाठ झालंय. गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डाव्या चाकाला शिव्या देत होते. पण ते बिचारं इमानदारीत काम करत होतं! कामचोर होतं ते उजवं.

उजवं चाक काढलं. ब्रेकची तबकडी पापडाला तेल लावावं तशी चकाकत होती. पॅड काळे, चिकट. आणि त्यांच्या कडेला पिवळं काहीतरी. मी वास घेतला.

"आजी! दसऱ्याला तू गाडीच्या चाकात तेल ओतलंस?"

मोतीबाई, म्हणजे माझी आजी, दारातच बसली होती. "मंग? माज्या पोराची गारी ती. नवऱ्यावानी हलद-त्याल लावला. भोकांतशी आतपर्यंत सोरला चांगला. त्या अंगाला भित, हात जाय ना, नायतं तिकरं पन लावला आसता."

भिंत होती म्हणून डावं चाक वाचलं होतं. मी हसत सुटले. आजीचा चेहरा मात्र उतरला. "माज्यामुलं गारी जातं काय गो?"

"कुठे जात नाही ती," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी बॉनेटला लावा, सासूबाई. हवं तेवढं."

तेल प्यायलेला पॅड पुसून सुधरत नाही. आईने बदलापुरातून नवीन पॅड आणले, दोन्ही बाजूंचे. तबकडी मी घासूनपुसून कोरडी केली. नखांतली ग्रीस तीन दिवस जाणार नाही. जाऊ दे.

रविवारी अल्पेश टेम्पो घेऊन हजर. आईने पुढचं दार उघडलं. "बसा, भावजी." मी मागे.

घरासमोरच्या उतारावर तिने ब्रेक दाबला. गाडी सरळ राहिली, पण थांबायला वेळ लावला.

"बघा! थांबतच नाय!" काका जवळजवळ खूश झाला.

आईने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी दोन सीटमधून वाकून तिच्या पायाकडे बघत होते. "आई, पेडलला तुझे नुसते चवडेच टेकतायत."

पप्पा उंच होते. त्यांची सीट होती तिथेच ठेवून, पाठीमागे उशी घेऊन ती दोन वर्षं गाडी चालवत होती. पाय पुरता पोचत नव्हता, ब्रेकचा निम्मा जोर तिथेच संपत होता.

तिने पाठीमागची उशी ओढून काढली आणि काकाच्या मांडीवर ठेवली. वाकून सीटखालचा दांडा उचलला. सीट कुरकुरली, अडली. मग टक. अजून एक खाच, टक.

गाडी पुन्हा वर नेली. उतारावर वेग आला आणि आईने ब्रेक पूर्ण दाबला. एक क्षण दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले, मुद्दाम. गाडी पट्टीने रेघ मारावी तशी सरळ, आणि जागच्या जागी उभी. काकाने उशी छातीशी धरली होती.

अल्पेश खिडकीशी आला. "धर्मेशभाई, ये तो चालू गाडी है. मैं भंगार लेता हूँ." आणि टेम्पो घेऊन गेलासुद्धा.

"उतरा, भावजी," आई म्हणाली. "उद्या सकाळी तिथे रखमा बसते."

काका उतरला आणि स्वतःच्या घराच्या दिशेने चालू लागला. उशी त्याच्याच काखेत राहिली होती. आईने ती जाताना पाहिली. हाक मारली नाही.