यार्कोच्या जागी

"एक मिनिट शांत उभे राहू या," अध्यक्ष यॉर्मा म्हणाला.

सगळे उभे राहिले. अमली पदार्थांनी होणारे मृत्यू कमी करायला सगळ्या खात्यांनी मिळून नेमलेली ही समिती. तिच्यात यार्को एकटाच असा होता, ज्याने स्वतः सुई टोचून घेतली होती. मागच्या आठवड्यात तो हेलसिंकीतल्या एका मेट्रो स्टेशनच्या शौचालयात मेला.

मिनिट संपलं. पुढचा विषय नशेवरच्या उताऱ्याच्या फवाऱ्याचा. नाकात मारला की अडलेला श्वास परत येतो. तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यावा की नाही, एवढंच ठरायचं होतं.

"एका खात्याचं मत यायचंय. पुढच्या खेपेला बघू," यॉर्मा म्हणाला. "आणि आयला, यार्कोच्या जागी कुणीतरी शोध. अनुभवी सदस्य लागतोच."

आयला समितीची सचिव. बैठकीत ती कधी बोलत नसे.

"त्याच्याजवळ फवारा असता तर जागा रिकामी झाली नसती," ती म्हणाली.

यॉर्माने चष्मा पुसला. "चर्चा झाली, असं लिही."

दुपारी ती कालिओ भागातल्या, नशा करणाऱ्यांच्या मदत केंद्रात गेली. यार्कोची मैत्रीण मिर्का तिथे वाटाण्याचं सूप वाढत होती. समितीत येतेस का, असं आयलाने तिला विचारलं.

"देतात काय तिथं?" मिर्काने विचारलं.

"जायचं-यायचं भाडं. कॉफी, बन."

"बन माहितीये. यार्को खिशात घालून आणायचा. म्हणायचा, घ्या, सरकारनं पाठवलंय." ती हसली नाही. "बरं, फवाऱ्याचं काय ठरलं?"



तेवढ्यात अंगणातून मिर्काला हाक आली. सायकलींच्या छपराखाली एक माणूस पडला होता. ओठ निळे.

"डोकं धर. मागं कर," मिर्का म्हणाली. आयला बर्फात गुडघ्यांवर बसली. मिर्काने खिशातून फवारा काढून त्याच्या नाकात मारला. काही झालं नाही. तिने दुसरा मारला. मग छाती हलली, आणि तो खोकत दोघींना शिव्या देऊ लागला.

"हा फवारा कुठून आणलास?" आयलाने विचारलं.

"समुद्रापलीकडून, टॅलिनच्या बोटीतून. लपवून. हेही लिही की. आता संपले."

आयलाचा फोन वाजला. यॉर्मा होता.

"मिळालं का कुणी?"

मिर्का स्वतःचं जाकीट काढून त्या माणसाच्या अंगावर घालत होती.

"नाही," आयला म्हणाली. "इथे सगळे कामात आहेत."

तिने फोन बंद केला, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्या माणसाचं डोकं मांडीवर धरून बसली.